बाटलीतला घरजावई

मी काय काम करते असं कुणी विचारलं की उत्तर द्यायची वेळ माझ्यावर येतच नाही. भावजी आधीच सांगून मोकळे होतात, "ती जिरवण्याचं काम करते. आधी प्लास्टिकची, मग माणसांची." लोक हसतात, मी डोळे वटारते, आणि खरं सांगायचं तर याहून बरं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

काम तसंच आहे. शरीरात ठेवायचं आणि गरज संपली की शरीरातच जिरून जायचं, असं प्लास्टिक आम्ही बनवतो. दुधाला आंबट करणारं जे आम्ल असतं, तसल्या कणांची लांबच लांब साखळी करायची. शरीरातलं पाणी लागलं की ती साखळी हळूहळू तुटते, आणि तुटलेल्या कड्या श्वासातून, लघवीतून निघून जातात. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, म्हणून तर या भानगडीत पडले. तोडणं सोपं आहे हो. वेळेवर तोडणं, आधीही नाही आणि नंतरही नाही, यात माझे केस पांढरे झाले.

आमची सध्याची नळी मज्जातंतूसाठी आहे. हातातला मज्जातंतू कापला गेला की त्याची दोन टोकं या नळीत दोन बाजूंनी बसवायची. वरचं टोक नळीच्या आतून वाढत वाढत पलीकडे जातं, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. तंतू पलीकडे पोचेपर्यंत नळी टिकायला हवी. पोचला की तिनं निघून जायला हवं, नाहीतर तीच त्याला आवळायला लागते.

प्रत्येक नव्या प्रकाराला कागदोपत्री अक्षरं आणि आकडे जोडून लांबलचक नाव असतं. ते कुणाच्या तोंडात बसत नाही. एकदा फोनवर एका आकड्याऐवजी दुसराच ऐकू गेला आणि आम्ही टाकाऊ माल चांगला म्हणून पुढे पाठवता पाठवता वाचलो. तेव्हापासून आम्ही त्यांची नावं स्वभावावरून ठेवतो. नावं ठेवणं आम्हाला दोन्ही अर्थांनी येतं. पाण्यात टाकल्याबरोबर फुगून आतली वाट बंद करून बसली, ती रुसूबाई. पलीकडे काही पोचायच्या आतच विरघळून गेला आणि जाताना आजूबाजूला सगळं आम्ल सोडून गेला, तो पळपुटा. आणि एक होता, दिसायला देखणा, मजबूत, सगळ्यांना आवडलेला. पण तो जायचं नावच घेईना. बाटलीत, अंगाइतक्या गरम मिठाच्या पाण्यात वर्ष उलटलं, त्यानंतर दुसरंही उलटलं, तरी आपला तळाशी कडक कपच्या होऊन पडलेला. त्याचं नाव मी घरजावई ठेवलं.

या सगळ्यांच्या नंतर जमला तो पाहुणा. येतो, पडेल ते काम करतो आणि सांगितलेल्या दिवसांत निघतो.

आता भावजींचं सांगते. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धंदा चष्म्यांचा. बाबा गेले, त्याच सुमारास आईच्या डोळ्यांपुढे अंधुक व्हायला लागलं. आईला एकटी ठेवायची कशी म्हणून ताई आणि भावजी आपलं बिऱ्हाड उचलून आईकडे राहायला आले. खाली रस्त्याकडेच्या खोलीत भावजींनी दुकान थाटलं. शेजारचा न्हावी त्यांना तोंडावर "काय घरजावई" म्हणायचा आणि भावजी हसून "काय सासरेबुवा" म्हणायचे. त्या शब्दाचं त्यांना काही वाटत असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

दुकानाच्या शोकेसची काच बदलताना ती निसटली आणि त्यांचं उजवं मनगट कापलं. रक्त थांबलं, जखम शिवली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. टोचलं तरी कळेना, पोळलं तरी कळेना. चष्म्याचा स्क्रू साबुदाण्याच्या दाण्याहून लहान असतो. तो डोळ्यांनी बसवत नाहीत, बोटांच्या टोकांनी बसवतात. बोटं गेली म्हणजे भावजींचा धंदाच गेला.

ज्या रुग्णालयात त्यांना नेलं, तिथेच आमच्या नळीची चाचणी चालू होती. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, हेही सांगितलं की ही नळी नवी आहे, पायातला तंतू काढून जोडायचा जुना मार्गही खुला आहे. मी मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिले. भावजींनी मला आत बोलावून घेतलं.

"शास्त्रज्ञबाई, घालू का तुझी नळी?"

"मला विचारू नका. मी बनवली आहे, मी सांगणार नाही."

"तू बनवली आहेस म्हणून तर घालतो," ते म्हणाले आणि डाव्या हातानं सही केली. मी पुन्हा बाहेर गेले, कारण मला आत उभं राहवेना.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आता दोनच गोष्टी हव्या होत्या. पाहुण्यानं आपलं काम करायचं, आणि भावजींनी हाताच्या व्यायामाला रोज जायचं. व्यायामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तंतू बोटांपर्यंत पोचेल तेव्हा बोटं वळणारी असली पाहिजेत. आखडून लाकूड झालेल्या हाताला शुद्ध येऊन काय करायचंय?" भावजी एकही दिवस चुकवत नव्हते. वाटीतल्या तांदळात हात घालायचे, चिमटे उघडबंद करायचे, आणि घरी आल्यावर आईला सगळा वृत्तांत सांगायचे.

एका रविवारी मी आईकडे जेवायला गेले होते. मी ओट्यापाशी मटार सोलत होते. इतक्यात प्रयोगशाळेतून तोलकाकांचा फोन आला. आमच्याकडची सगळी वजनं तेच करतात म्हणून तोलकाका. सुट्टीच्या दिवशीही त्यांना चैन पडत नाही. माझे हात ओले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, घरजावई तसाच पडून आहे," काका म्हणाले. "काय करायचं त्याचं?"

"अजून आहेच का? काका, ना तो कामाचा, ना जायचं नाव घेतो. नुसता जागा अडवून बसलाय. फेकून द्या."

"इतकी वर्षं सांभाळला, जिवावर येतं हो."

"तुम्ही फार हळवे आहात. एकदाचा बाहेर काढा, मी सुटले म्हणेन."

मटार सोलून झाले, आम्ही जेवलो. भावजी फारसं जेवले नाहीत. हात दुखतोय म्हणाले. मी म्हटलं, दुखतोय ना, मग चांगलं लक्षण आहे. आणि घरी निघून आले.

त्याच आठवड्यात व्यायामाच्या बाईंचा फोन आला. तुमचे भावजी यायचे बंद झालेत, फोन उचलत नाहीत, अंगठा आत्ताच ताठ व्हायला लागलाय, असे आणखी काही दिवस गेले तर माझ्या हातात काही राहणार नाही. माझं डोकं फिरलं. लगेच ताईला फोन लावला, तर तिचं वेगळंच. ती रडत होती.

"ते खोली बघतायत गं, बसस्टँडच्या मागे. म्हणतात आपण दोघं तिकडे राहू, आईंना तुझ्या बहिणीकडे पाठव. का, ते सांगत नाहीत. मी काही बोलले का? आई काही बोलली का? तू काही बोललीस का?"

"मी कशाला काय बोलेन?" मी म्हटलं, आणि त्या क्षणी मला ते अगदी खरं वाटत होतं.

मी तडक दुकानात गेले. रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. भावजी डाव्या हातानं फ्रेमा खोक्यात भरत होते. उजवा हात खिशात.

"हात बाहेर काढा आधी," मी म्हटलं. "व्यायामाला का जात नाही तुम्ही? एवढी माणसं तुमच्या हातासाठी राबतात आणि तुम्ही खोकी भरता? ठोंब्यासारखे वागता आहात, भावजी."

 त्यांनी खोकं शांतपणे बंद केलं. मग म्हणाले, "फेकायचंच ठरलं आहे, तर लोकांना तसदी कशाला? आपण आपल्या पायांनी गेलेलं बरं."

"कुणी फेकायचं ठरवलंय? कुणाला?"

"घरजावयाला. ना कामाचा, ना जायचं नाव घेतो. जागा अडवून बसलाय." शब्द न् शब्द त्यांच्या पाठ होता. "मी पाणी प्यायला आत येत होतो. तू बरोबरच बोललीस. पण माझ्यासमोर बोलली असतीस तर बरं वाटलं असतं."

आणि मी काय करावं? मी हसले. म्हणजे हसू फुटलंच, आवरेना. मागे दारात ताई उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी गप्प झाले. 

"भावजी, ती बाटली आहे," मी म्हटलं. "घरजावई बाटलीचं नाव आहे."

"अगं, सारवासारव तरी जरा बरी कर. बाटलीला कुणी घरजावई म्हणतं का?"

खरंच, कोण म्हणतं? आमच्यासारखी डोकं फिरलेली माणसं सोडली तर जगात कोण म्हणत असेल? मी पुष्कळ समजावलं, पण जितकं समजावत गेले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी मी दुकानाचं शटर ओढलं, दोघांना गाडीत बसवलं आणि थेट प्रयोगशाळेत घेऊन गेले. 

तोलकाकांनी घरजावई फेकला नव्हता. ते काहीच फेकत नाहीत. एरवी या सवयीवरून मी त्यांना धारेवर धरते, त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. टाकायच्या खोक्यात सर्वांत वर ती बाटली होती, काकांच्या ठसठशीत अक्षरांतली चिठ्ठी लावलेली. आणि उबदार कपाटातल्या फळीवर बाकीचं खटलं होतं. पळपुटा, ज्याच्या बाटलीत नुसतं पाणी उरलं होतं. रुसूबाई, फुगलेली. पाहुणा, भावजींच्या शस्त्रक्रियेच्याच दिवशी पाण्यात घातलेला, नुकताच कडा मऊ पडायला लागलेला.

भावजींनी चष्मा कपाळावर सरकवला, बाटली डोळ्यांजवळ नेली आणि कितीतरी वेळ आतल्या कपच्या बघत राहिले.

"हा का नापास?" त्यांनी विचारलं.

"कारण तंतू पलीकडे पोचल्यावरही हा जागचा हलत नाही. मग टोचतो."

"आणि माझ्या मनगटात कोण आहे?"

"पाहुणा."

"म्हणजे जाणार."

"जाईल. जायलाच हवा."

त्यांनी बाटली काकांच्या हातात दिली. मला वाटलं, संपलं, आता हसतील. पण ते स्टुलावर बसले.

"शब्दाचं काही नाही गं," ते म्हणाले. "तो न्हावी दिवसातून चार वेळा म्हणतो. पण 'ना कामाचा' म्हणालीस, आणि त्याच सकाळी एका पोरीच्या चष्म्याचा स्क्रू माझ्या हातून पडला होता. मला पडलेला कळलासुद्धा नाही. ती खाली वाकून शोधत होती आणि मी बोटांची चिमूट धरून बसलेलो, जणू अजून स्क्रू आहेच तिच्यात. म्हटलं, खरंच आहे. दुकान आईंच्या घरात, जेवण आईंच्या घरात, आणि हात हा असा."

ताईनं तोंडाला पदर लावला. काका खिडकीबाहेर बघायला लागले. मला रागावता येतं, टोमणे मारता येतात, चार माणसांत एखाद्याची जिरवता येते. पण हे असलं बोलणं मला जमत नाही. तरी त्या दिवशी बोलले, कारण न बोलता सुटका नव्हती.

"भावजी, त्या बाटलीचं नाव ठेवताना तुम्ही मला आठवला नाहीत. एकदाही नाही. का, माहीत आहे? माझ्या डोक्यात तुम्ही घरजावई कधी नव्हतातच. माझ्या डोक्यात तुम्ही घर आहात. बाबा गेले तेव्हा मी नोकरी सोडायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, तू तुझ्या नळ्या कर, आईंचं आम्ही बघतो. आईची औषधं तुम्ही बघता, तिला पेपर वाचून दाखवता, तिच्याबरोबर रेडिओवरच्या बातम्यांवर भांडता. म्हणून मी इथे बसू शकले. ही नळी माझी म्हणतात सगळे. माझी कसली? तुम्ही तिकडे घर धरून बसला नसतात तर ही झालीच नसती. ती तुमच्याच कमाईची आहे, ती तुमच्याच हातात गेली, आणि मला अजूनही विश्वास बसत नाही की एवढं सरळ काही जगात घडतं. मी तुमची फार ऋणी आहे. हे मी कधी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. आता पुन्हा म्हणायला लावू नका."

 मग भावजींनी खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

"व्यायामाच्या बाई किती वाजेपर्यंत असतात?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्यांनी व्यायाम चुकवला नाही. अंगठ्याचा ताठरपणा काढताना बाईंनी त्यांना अक्षरशः घाम फोडला, पण निघाला तो. मनगटाविषयी बोलायची त्यांची तऱ्हाही बदलली. सकाळी फोन केला की म्हणायचे, "पाहुणे बरे आहेत, झोप लागली त्यांना." डॉक्टर तंतूच्या वाटेवर बोटानं टकटक करून बघायचे. जिथे झिणझिण्या येतात तिथपर्यंत तंतू पोचला. ती जागा तळहाताकडे सरकत होती, पण फार हळू. आणि इकडे कपाटातला पाहुणा ठरल्याप्रमाणे झिजत होता.

मग एके दिवशी काकांनी त्याचं वजन केलं आणि काही न बोलता तो माझ्यापुढे ठेवला. हातात धरताच त्याचा भुगा झाला. आमच्या हिशेबानं तो अगदी वेळेवर निघाला होता. काही चुकलं नव्हतं. पण भावजींच्या बोटांना अजून काहीच कळत नव्हतं. रुग्णालयात तपासणी केली तेव्हा मनगटातल्या नळीची नुसती पुसट सावली दिसली. डॉक्टर म्हणाले, "नळीनं करायचं ते केलं. आता तंतूनं बोटांपर्यंत जायचं. पोचतोच असं नाही. वाट बघू." मला बनवता येण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईला वाट बघ म्हणणं म्हणजे शिक्षाच. मी काकांवर ओरडले, झाडूवाल्यावर ओरडले, आणि भावजींपुढे मात्र तोंडाला कुलूप लावून बसले. त्यांना सगळं कळत होतं. एकदा तेच मला म्हणाले, "नाही आली शुद्ध, तरी तुझ्या पाहुण्याला मी दोष देणार नाही. भला होता बिचारा." त्यावर मी त्यांना दोन शब्द सुनावले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी मी आईकडे गेले तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि ताई कपड्यांच्या घड्या करत होती. भावजींनी आईसाठी नवी फ्रेम आणली होती, हलकी, कारण जुनी तिच्या नाकाला रुतायची. डाव्या हातानं आधार देत, उजव्यानं काडी वळवत, ते आईच्या मागे उभे राहून फ्रेम कानांवर बसवत होते. आई कुरकुरत होती की हा चष्मा मला सैल होतो, हा माणूस मला आंधळीला फसवतो.

"हलू नका हो आई," भावजी म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं आईच्या कानाची पाळी धरली होती, काडी मागून वळवायला. "कान केवढे गार पडलेत तुमचे."

ताईच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीचा राहिला. भावजी काडी वळवत होते. आम्ही दोघी एवढ्या गप्प का, म्हणून त्यांनी वर बघितलं. मग आमची नजर जिकडे होती तिकडे, आपल्या हाताकडे बघितलं. त्यांनी आईचा कान सोडला नाही. हळूच पुन्हा चिमटीत धरला, आणि पुन्हा.

"गारच आहे," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

"गार असणारच," आई वैतागून म्हणाली. "मघापासून सांगतेय, वारा येतोय. कुणीतरी खिडकी लावा की."

मी उठले आणि खिडकी लावायला गेले. कडी एका झटक्यात बसली होती, तरी मी तिकडे तोंड करून बराच वेळ ती लावतच राहिले.